रात्री साडेतीनची बॅटरी : एका निवासी शिबिरातलं प्रकरण

नावं, वर्ष आणि ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदलले आहेत. मुलाला इथे ओम म्हणते आणि त्याच्या गटदादाला प्रणव. हे लिखाण ओमच्या आईने आणि प्रणवने आधी वाचलं. आईने एक वाक्य काढायला सांगितलं, ते काढलं. प्रणवने काहीच काढू दिलं नाही.

पार्श्वभूमी

मे महिन्यातलं सहा रात्रींचं शिबिर. नाशिकपासून वीसेक किलोमीटरवर, त्र्यंबक रस्त्याला, अंजनेरीच्या पायथ्याजवळची एक शाळेची इमारत सुट्टीत रिकामी असते, ती आम्ही भाड्याने घेतो. त्या वर्षी 48 मुलं होती, वय 11 ते 14. बहुतेक सिडको, इंदिरानगर, पंचवटीतली आणि पाच-सहा दिंडोरी-सिन्नरकडची. आठ-आठ जणांचे सहा गट, प्रत्येक गटाला एक दादा किंवा ताई. ही दादा-ताई मंडळी 18 ते 22 वर्षांची, जवळजवळ सगळी आमच्याच शिबिरांतून वाढलेली. मानधन नाही. जाण्यायेण्याचं भाडं, एक टी-शर्ट आणि शेवटच्या दिवशी मिसळ.

तरी ती येतात, परीक्षा तोंडावर असली तरी येतात. का येतात हे मला प्रणवकडे पाहून कळायचं. पहिल्यांदा शिबिराला आला तेव्हा तो बारा वर्षांचा होता, बसमध्ये उलटी करणारा, कुणाशी न बोलणारा. त्याच्या गटदादाने त्याला ढोलकी हातात दिली, बस्स. सात वर्षांनी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला हा मुलगा स्वतः दादा झाला, तेव्हा गटात सगळ्यात गप्प पोरगं कोणतं हे तो पहिल्या तासात हेरायचा. ते कौतुकाचंच. पण 'या पोराला मीच सावरणार' ही हाव त्या कौतुकाला चिकटूनच येते आणि एकोणिसाव्या वर्षी ती ओळखू येत नाही. मला पन्नाशीतही दर वेळी येतेच असं नाही.

ओम बारा वर्षांचा. त्याच्या अर्जात 'काही आजार किंवा चालू औषध आहे का?' या रकान्यात निळ्या शाईने ठसठशीत 'नाही' लिहिलेलं. खाली वडिलांची सही.

इमारतीची रचना सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. मुलगे तळमजल्यावरच्या लांब वर्गात, सतरंज्यांवर ओळीने झोपायचे. संडास-मोऱ्या पटांगणाच्या पलीकडे, मध्ये एकच बल्ब. त्यांच्या मागे कपडे धुवायचा हौद, तिथे तर तोही नाही.

अडचण कशी वाढत गेली

पहिल्या रात्री ओमने दाराजवळचीच जागा मागितली आणि रात्रभर भुतांच्या गोष्टी सांगून अर्ध्या वर्गाला जागं ठेवलं. सकाळी सगळे म्हणाले, काय भन्नाट पोरगं आहे! तो झोपायला घाबरत होता हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या रात्री त्याचा डोळा लागला. पहाटे साडेचारच्या सुमारास प्रणव उठला, तर ओम बाहेरच्या पायरीवर चादरीचं बोचकं मांडीवर घेऊन बसलेला. चादर ओली, चड्डी ओली. प्रणव पुढे मला म्हणाला, "ताई, तो रडत नव्हता. रडत असता तर मला जमलं असतं." ओमने एवढंच विचारलं, "दादा, तू कुणाला सांगणार नाहीस ना?" आणि प्रणव म्हणाला, "आईशप्पथ. कुणालाच नाही."

दोघांनी मिळून चादर हौदावर धुतली, मागच्या तारेवर वाळत टाकली. उजाडायच्या आत सगळं आवरलं. आता मागे वळून पाहिलं तर प्रकरण इथेच वळलं. पण त्या क्षणी तिथे मी असते तर? मीही कदाचित आधी चादरच धुतली असती. चुकलं ते 'कुणालाच नाही' इथे.

तिसऱ्या रात्री प्रणवने मोबाइल उशीखाली ठेवून दीडचा गजर लावला, ओमला उठवून नेऊन आणलं. रात्र कोरडी गेली. दोघांना वाटलं, युक्ती सापडली.

चौथा दिवस अंजनेरीचा. मे महिन्यात ऊन वर यायच्या आत खाली यायचं म्हणून आम्ही साडेपाचला निघतो. प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी आणि दर थांब्याला दादा-ताई ओरडतात, 'घोट घ्या, घोट घ्या.' जैन लेणी मागे टाकून वर पठारावर, अंजनीमातेच्या देवळाजवळ पोहोचलो तर ओमचं डोकं दुखायला लागलं आणि त्याला दोन उलट्या झाल्या. प्रथमोपचार पाहणाऱ्या आमच्या सहकारी ताईने (त्या एका शाळेत समुपदेशकही आहेत) त्याला सावलीत घेतलं, साखर-मिठाचं पाणी घोटाघोटाने दिलं आणि विचारलं, "पाणी पीत होतास ना?" ओम गप्प. प्रणव मध्येच म्हणाला, "ताई, सकाळी पोहे खाल्ले नाहीत त्याने."

खरं तर पोहे खाल्ले होते. पाण्याची बाटली मात्र भरलेली होती, अगदी बुचापर्यंत. आदल्या दुपारपासून ओमने जेमतेम ग्लासभर पाणी घेतलं होतं आणि ते का, हे प्रणवला ठाऊक होतं. शब्द पाळायचा म्हणून तो प्रथमोपचार करणाऱ्या माणसाशी खोटं बोलला. उन्हाने आजारी पडलेल्या मुलाच्या बाबतीत पाणी किती प्यायला हाच पहिला प्रश्न असतो. उतरताना ओमला बरं वाटलं, म्हणून पुढचं टळलं. त्यात आमची हुशारी काही नव्हती.

त्या रात्री दमलेला प्रणव गजर होऊनही उठला नाही. साडेतीनला ओमने त्याला हलवलं.

वॉचमनकाकांनी पाहिलं ते

पाचव्या दिवशी सकाळी सहाला मी चहा घेत होते. वॉचमनकाका आले, टोपी हातात. "मॅडम, बोलू का नको असं झालंय मला." मग बोलले. साडेतीनच्या सुमारास हौदामागे बॅटरीचा उजेड दिसला. कुत्रं असेल म्हणून गेले. तिथे प्रणव आणि एक लहान पोरगं. पोराच्या अंगात फक्त बनियन. काकांची चाहूल लागताच बॅटरी विझली. "पोर चांगलं आहे हो तुमचं, पण मला बरं नाही वाटलं."

ओमच्या चादरीबद्दल तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. मला माहीत होतं ते एवढंच: अंधार, आडोसा, एकोणीस वर्षांचा मुलगा, बारा वर्षांचा कमरेखाली उघडा मुलगा आणि विझवलेली बॅटरी.

एक गोष्ट जाता जाता नोंदवते. मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या माणसांची पोलीस पडताळणी संस्थेने करून घ्यावी, असं पॉक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) 2020 च्या नियमांत आहे. आम्ही ती स्वयंपाकी आणि वॉचमन यांची करून घेतली होती. दादा-ताईंची नाही, कारण ती 'आपलीच पोरं'. ज्यांच्यावर आम्ही कागद मागण्याइतपत अविश्वास दाखवला, त्या काकांनीच त्या रात्री मुलाकडे लक्ष ठेवलं.

समोर कोणते रस्ते होते

पहिला, सगळ्यात मोहाचा: प्रणवला सात वर्षं ओळखते, काहीतरी साधं कारण असेल, दुपारी हळूच विचारू. खरं सांगते, पहिली दोन मिनिटं माझा कल तिकडेच होता. पण ओळख हा पुरावा नव्हे. मुलांना त्रास देणारी माणसं बहुतेक वेळा ओळखीचीच असतात, विश्वास कमावलेलीच असतात. हे मी स्वतः प्रशिक्षणात दरवर्षी सांगते.

दुसरा: प्रणवला ताबडतोब घरी पाठवायचं. दिसायला खंबीर. पण दादा अचानक गायब झाला की दुपारपर्यंत 48 मुलांत 48 गोष्टी फिरतात आणि त्यातली प्रत्येक ओमपाशी येऊन थांबते.

तिसरा: दोघांना समोरासमोर बसवून विचारायचं. घरोघरी असंच करतात. हे तर मुळीच नको. मोठ्या माणसाच्या देखत पोर खरं बोलत नाही.

चौथा: काहीही न विचारता थेट पोलिसांना कळवायचं. पॉक्सो कायदा, 2012 चं कलम 19 स्पष्ट आहे. गुन्हा घडल्याचं कळलं किंवा तशी धास्ती असली तरी कळवणं बंधनकारक. कलम 21 प्रमाणे संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं असं कृत्य दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. घरच्या घरी चौकशी करून निकाल लावण्याचा अधिकार संस्थेला नाही.

माझ्या हातात संशय होता की नुसता न उलगडलेला प्रसंग? सहकारी ताई आणि मी दहा मिनिटं यावरच बोललो. ठरलं ते असं: प्रणवला मुलांपासून लगेच दूर करायचं, ओमशी ताईने बोलायचं, एकही सुचवणारा प्रश्न न विचारता, त्याच्या तोंडून अंगाला हात लावण्याचं, धमकीचं एक अक्षर जरी आलं तरी तिथेच थांबायचं, पुढे काही खोदायचं नाही, 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला आणि पोलिसांना फोन. ही रेघ किती बारीक होती हे मला आजही बोचतं. एका वकील मैत्रिणीने नंतर सांगितलं, "दहा मिनिटं ठीक. दोन तास घेतले असतेस तर तूच अडचणीत होतीस."

काय केलं

प्रणवला मी सांगितलं, "आजची सकाळ तू भांडारघरात. बटाटे मोजायचेत. तुझा गट दुसरा दादा बघेल." तो काही बोलला नाही. बटाटे मोजायचे नव्हते हे त्यालाही कळत होतं.

ताईने ओमला पटांगणातल्या आंब्याखाली नेलं, सगळ्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी. म्हणाली, "काल रात्री तू बाहेर होतास असं कळलं. काय झालं ते तुला वाटलं तर सांग." ओमचा चेहरा पडला. पहिलं वाक्य आलं, "दादाने सांगितलं ना?" आणि तोंड मिटलं ते मिटलंच.

इकडे भांडारघराचं दार सताड उघडं ठेवून मी आणि आमचे खजिनदार प्रणवसमोर बसलो. विचारलं, रात्री साडेतीनला हौदापाशी काय चाललं होतं? तो म्हणाला, "मी सांगू शकत नाही. शब्द दिलाय."

वीस मिनिटं. निष्पाप माणसाने स्वतःला अडकवून घेण्याची इतकी सरळ रीत मी दुसरी पाहिलेली नाही. जितका तो गप्प, तितका माझ्या पोटात गोळा. शेवटी मी म्हटलं, "काकांनी काय पाहिलं ते मी तुला जसंच्या तसं सांगते. ऐक." सांगितलं. 'फक्त बनियन' या शब्दांपाशी तो पांढरा पडला. हे असंही दिसू शकतं, ही गोष्ट चार रात्रींत त्याच्या मनाला शिवलीही नव्हती. मग तो भडाभडा बोलला: चादर, गजर, पोहे, सगळं.

आमच्याकडे एक नियम लेखी होता, आडोशाला एका मुलाबरोबर एकट्या मोठ्याने राहायचं नाही. प्रणवने त्यावर सहीही केली होती. नंतर म्हणाला, "मला वाटलं तो वाईट लोकांसाठी आहे." त्याचं चुकलं नाही, आम्ही तो तसाच शिकवला होता. हा नियम दादाचाही बचाव करतो, मुलाला मदत करायला दुसरा माणूस हजर ठेवतो, हे कधी सांगितलंच नव्हतं.

प्रणवचं म्हणणं ओमकडे नेऊन 'खरं का रे?' असं विचारायचं नाही, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. ती त्याच्याजवळ नुसती बसून राहिली. बऱ्याच वेळाने, शिबिरात येणाऱ्या मुलांच्या काय काय अडचणी असतात असा विषय तिने काढला: कुणाला घरची आठवण, कुणाला झोपेत चालायची सवय, कुणाचं अंथरूण ओलं होतं. ओमने मान वर केली. "बाकीच्यांचं पण होतं?"

हा आधार देणं म्हणजे सुचवणंच झालं, हे मला मान्य आहे. ताईलाही आहे. तीन-चार गोष्टींत ती एक मिसळली होती हा तेवढा बचाव. पण त्यानंतर ओमने आपणहून सांगितलेले तपशील, चादर कुठे वाळत घातली, दुसऱ्या रात्री कोण भेटलं, कपडे बदलताना दादा कुठे उभा होता ('पाठ करून, बॅटरी मागे धरून'), हे प्रणवच्या सांगण्याशी जुळले. तारेवर चादर होतीच.

मग आईला फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता. "मॅडम, त्याच्या वडिलांचंपण बारा-तेरापर्यंत होतं. हे म्हणाले, चार पोरांत राहिला की लाजेने सुटेल सवय." आणि मग, थोडी चिडूनच: "फॉर्मवर कसं लिहायचं हो? फॉर्म सगळेच वाचतात."

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमचे अर्ज ऑफिसच्या टेबलावर उघड्या फाइलमध्ये असायचे.

लाजेने हे सुटत नाही. दहाव्या वर्षी शंभरातल्या साधारण पाच मुलांचं अंथरूण ओलं होतं, मुलग्यांत जास्त, आणि आई-वडिलांपैकी कुणाला होतं तर मुलाला असण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणजे 48 जणांच्या शिबिरात दरवर्षी एक-दोघं तरी असणार. इतकी वर्षं ती आमच्याकडे होती आणि पहाटे एकटीच जागी राहून गेली. पुष्कळदा मागे बद्धकोष्ठ असतो. दिवसभर पाणी तोडण्याने फायदा होत नाही, मे महिन्यात धोकाच. आणखी एक गोष्ट शिबिर चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवी. मूल बाहेरगावी राहणार असेल तर डॉक्टर कधी कधी डेस्मोप्रेसिन नावाचं औषध थोड्या दिवसांपुरतं देतात. ते घेतल्यावर रात्री पाणी मोजूनच प्यावं लागतं, नाहीतर रक्तातलं सोडियम उतरतं. एखाद्या आईने असं औषध गुपचूप बॅगेत घातलं असेल आणि रात्री आम्ही 'प्या रे पाणी' म्हणून मागे लागलो तर?

ओमला न्यायला येऊ का, असं आईने विचारलं. आम्ही निर्णय ओमवर सोडला. तो म्हणाला, "राहतो. पण दादा परत पाहिजे."

शेवटच्या दोन रात्री

प्रणव दुपारी जेवणाआधी गटात परतला. बटाट्यांवरून चेष्टा झाली, तेवढ्यावर निभावलं. ओमशी तो काय बोलला ते मी विचारलं नाही. ताई थोड्या अंतरावर होती.

रात्रीसाठी वेगळी सोय ओमपुरती केली असती तर ती लगेच कळली असती. म्हणून सगळ्या वर्गासाठीच एक फेरी सुरू केली. रात्री साडेबाराला दोन दादा बॅटरी घेऊन ओळीतून फिरणार आणि हलक्या आवाजात विचारणार, कुणाला जायचंय का? पहिल्याच रात्री अकरा मुलं उठली. अकरा! पटांगणापलीकडच्या त्या काळोखाला घाबरून ही पोरं रोज सकाळपर्यंत दाबून पडत होती. ओमच्या सतरंजीखाली प्लॅस्टिक आणि बॅगेत जास्तीची चादर ठेवली. ओल्या कपड्यांसाठी झाकणाची बादली ठेवली, ती स्वयंपाकघरातली फडकी धुणाऱ्या मावशींकडे जायची. मावशींनी कुणाची चादर हे एकदाही विचारलं नाही.

पाचव्या रात्री फेरी होऊनही अंथरूण ओलं झालं. सहाव्या रात्री नाही झालं. त्यावरून काही सिद्ध होत नाही.

सहाव्या रात्री फेरीत मीही होते. सिन्नरकडचा एक छोटा मुलगा दारात थबकला, पुढे पाऊल टाकेना. दादाच्या हातातली बॅटरी ओमने मागून घेतली आणि त्याला म्हणाला, "चल, मला सगळा रस्ता पाठ आहे."

पुढे काय झालं

ओमच्या आईने त्याला नाशिकमध्ये बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. बद्धकोष्ठ निघाला. काही महिने लागले, मधे एकदा पुन्हा सुरू होऊन थांबलं. पुढच्या वर्षी तो आला नाही. क्रिकेटचं शिबिर होतं म्हणे. खरं कारण काय ते माहीत नाही.

प्रणवही पुढच्या वर्षी आला नाही. मी फोन केला तेव्हा म्हणाला, "तुम्ही बरोबरच केलंत, ताई. पण त्या वीस मिनिटांत तुमचा चेहरा कसा होता ते मला विसरता येत नाही." मी सॉरी म्हटलं नाही, कारण तसंच पुन्हा घडलं तर मी तेच करेन. आज वाटतं, तरीही म्हणायला हवं होतं. ते केल्याबद्दल नाही, तर त्याला त्या जागी एकटं सोडल्याबद्दल. पहिल्या दिवसापासून त्याला रोज रात्री दहा मिनिटं कुणी विचारलं असतं, 'तुझ्या गटात काय चाललंय? तुला काय जड जातंय?', तर दुसऱ्या रात्रीची गोष्ट तिसऱ्या रात्री कळली असती. आता दिवे मालवल्यावर दादा-ताईंची ती बैठक होते. तिथे शब्द मोडायला लावत नाही. मुलाचं नाव न घेता अडचण सांगता येते.

पडताळणी सगळ्यांची होते, माझीसुद्धा. अर्जात 'आजार' या रकान्याखाली वेगळं पान आहे: झोपेत चालणे, अंथरूण ओले होणे, रात्री दचकणे, पाळीचा त्रास, चालू औषधे, नुसती खूण करायची. ते पान बंद पाकिटात येतं आणि आमच्यापैकी दोघंच ते वाचतात. पहिल्या वर्षी 52 पैकी पाच जणांनी अंथरुणाच्या चौकोनात खूण केली.

'कुणाला सांगणार नाहीस ना?' याला काय उत्तर द्यायचं, यावर प्रशिक्षणात आम्ही अर्धा दिवस घालवतो. आम्ही सुचवतो ते वाक्य असं: "चेष्टा करणाऱ्या कुणालाही कळणार नाही. पण तुला मदत लागेल तेव्हा ताईंना सांगेन, आणि आधी तुला सांगून सांगेन." गेल्या वर्षी एक नवी गटताई, अठरा वर्षांची, हात वर करून म्हणाली, "असं म्हटलं तर पोरगं पुढे बोलणारच नाही."

मागच्या ओळीत प्रणव बसला होता, तीन वर्षांनी, एका दिवसापुरता आलेला. सगळे त्याच्याकडे वळले. तो म्हणाला, "नाहीच बोलणार कदाचित. तरी चादर धुवायला मदत कर. फक्त आधी अजून एकाला उठव."